रहिमतपूरच्या मनोऱ्याखाली

घरातील ज्येष्ठांना घेऊन जवळपास कोठे जावे, असा प्रश्न आपल्याला पडत असेल, तर पुणे-मिरज लोहमार्गावरील रहिमतपूरचा विचार अवश्य करावा. नाटककार वसंत कानेटकरांचे हे जन्मगाव. परंतु आपण जायचे ते तेथील जुन्या मशिदीकडे आणि रणदुल्लाखानाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कबरीकडे. विजापूरच्या मुहम्मद आदिलशहाचा (१६२७–१६५६) हा सरदार. १६३८ मध्ये बंगळूर घेणाऱ्या फौजेचा तो सेनापती होता आणि त्या मोहिमेत शहाजीराजे त्याच्यासोबत होते.

मशिदीपासून थोड्या अंतरावर विहिरीला लागून पाण्याचा मनोरा आहे. उंची सुमारे ५० फूट. माथ्यापर्यंत तिरपी चढण. पाणी आधी उंचावर न्यायचे आणि त्या उंचीच्याच जोरावर मशिदीच्या कारंज्यातून उसळू द्यायचे, अशी ही योजना. ती पाहताना माझ्यातील डॉक्टर उगाचच शरीराकडे वळतो. आपल्या हृदयालाही रक्त वर, मेंदूपर्यंत चढवावे लागते. बराच वेळ बसलेली व्यक्ती एकदम उठली की रक्त पायांकडे उतरते. तारुण्यात रक्तवाहिन्या तत्काळ आवळतात. उतारवयात त्यांना उशीर होतो, आणि रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर अधिकच. डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो, खुब्याचे हाड मोडते. म्हणून आजींना बसल्या जागी आधी पावले वर-खाली हलवू द्या, मग आधार देऊन उभे करा आणि मिनिटभर तेथेच थांबा. "चला, उशीर होतोय" हे शब्द तेवढा वेळ आवरा.

दुसरी काळजी पादत्राणांची. मंदिर असो वा मशीद, ती बाहेर ठेवावीच लागतात. मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेली असेल, तर उन्हाने तापलेल्या दगडाचा चटका कळतच नाही. फोड दुसऱ्या दिवशी दिसतो, तोही कोणी पाहिला तर. अशी जखम चिघळून बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. सकाळी लवकर जा, जाड सुती मोजे सोबत ठेवा, ते घातले तर चालेल का हे तेथील मंडळींना विचारा. आणि घरी परतल्यावर तळवे व बोटांच्या बेचक्या चांगल्या उजेडात तपासा.

मनोऱ्यावर मात्र ज्येष्ठांना चढवू नका. खाली सावलीत बसवा आणि त्यांच्या लहानपणी मोट कशी चालत असे ते विचारा. बैलांची नावेसुद्धा निघतील. उत्तर लांबेल, पाण्याची बाटली हाताशी असू द्या.