नवख्या चढाईपटूचा माग

नवख्या चढाईपटूचा कस ठरवताना पहिली अडचण येते ती तुटपुंज्या पुराव्याची. कबड्डीचा सामना 40 मिनिटांचा, एक चढाई जास्तीत जास्त 30 सेकंदांची आणि चढाया आळीपाळीने. म्हणजे एका संघाच्या वाट्याला साधारण 40 येतात. त्यांतल्या बहुतेक जुन्या गड्यांकडे जातात. नव्या पोराला मिळतात चार-पाच, त्याही बहुधा सामना हातात आल्यावर किंवा हातचा गेल्यावर.

नागझिऱ्याच्या जंगलाभोवतीच्या धानपट्ट्यात दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस येतात. धान निघालेले असते आणि गावोगावी कबड्डीचे सामने रंगतात. एखादा पोरगा एका चढाईत दोघांना बाद करून मध्यरेषेवर झेपावतो आणि त्या रात्रीपुरता गावाचा हिरो होतो. ते दोन गुण खरेच असतात. पण समोर सातजण होते की तिघे, कोपऱ्यातला रक्षक कसलेला होता की बदली, हे गुणफलकावर दिसत नाही. कुमार गटात वजनाची मर्यादा असते, त्यामुळे पकडणारेही त्याच्याच चणीचे असतात. खुल्या गटात तोच घोटा दुप्पट ताकदीच्या पंजात सापडतो.

म्हणून जाणकार गुणांआधी पाय बघतो. प्रतिपक्षाच्या अंगणातली निदानरेषा ओलांडताना मागचा पाय मोकळा आहे की शरीराच्या भाराखाली रुतला आहे? हुलकावणी दिल्यावर नजर कोपऱ्यावर राहते की स्पर्श झालेल्या गड्यामागे जाते? रिकाम्या हाताने परतलेली चढाईसुद्धा अशा वेळी बरेच सांगून जाते. बोनसचा सोपा गुण तेवढे सांगत नाही.

वाघाच्या मागाचेही असेच. नागझिऱ्याच्या धुळीतला पंजाचा ठसा वाघ इथून गेल्याचे सांगतो. तो कुठला, इथेच राहणार की पुढे जाणार, हे एका ठशावरून कळत नाही. त्यासाठी कॅमेऱ्यात त्याचे पट्टे पुन्हा पुन्हा टिपावे लागतात. याच जंगलात जन्मलेला 'जय' वाघ 2013 मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात पोचला. नागझिऱ्यातल्या पाऊलखुणांवरून ती मजल कोणाला वर्तवता आली असती?

प्रो कबड्डीत प्रदीप नरवाल 2015 मध्ये बेंगळुरूकडून सहा सामने खेळला आणि चढाईत फक्त 9 गुण मिळवू शकला. तेवढ्यावर त्याला निकालात काढणे सोपे होते. पाटण्याकडून 2017 च्या एकाच हंगामात त्याने चढाईचे 369 गुण घेतले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईची गोष्ट वेगळी. 2018 च्या पहिल्याच हंगामात त्याने यू मुंबासाठी चढाईचे 218 गुण मिळवले आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यावर 1 कोटी 45 लाख लावले. तो विश्वास वावगा नव्हता, कारण त्यामागे अख्ख्या हंगामाचा खेळ होता. मात्र नंतर दुखापतीने त्याला बराच काळ बाहेर बसवले, आणि खांद्याचे दुखणे कुठल्याच चढाईत आधी दिसत नाही.

चार चढायांवर पोराला घरी पाठवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. निदान तीन सामने, समोर भरलेला सातजणांचा संघ आणि बाद झाल्यानंतरही पुन्हा चढाई, एवढे त्याला मिळायलाच हवे. मधल्या वेळेतही त्याच्याकडे लक्ष असावे. बाद होऊन बाहेर बसल्यावर काही पोरे मान खाली घालून माती उकरतात. काहींची नजर मात्र ज्याने पकडले त्या कोपरारक्षकाच्या पायांवर असते, तो झेप घेण्याआधी कोणता पाय पुढे टाकतो हे शोधत.