पन्नास हजारांच्या आत

निराधार योजनेचे पैसे दिव्यांगांना आता महिना 2,500 मिळतात. 2025पर्यंत 1,500 होते. मुख्य अटी दोन. अपंगत्व किमान 40 टक्के आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत. कुटुंबाचं, एकट्याचं नव्हे. बायकोची मजुरीही त्यातच आली.

*

ओळखीच्या एका गृहस्थांचं स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. लहानपणीच्या पोलिओने दोन्ही पाय गेलेले. गल्ल्यात दिवसाला चारशे-पाचशे पडतात. त्यातून कागद, टोनर, भाडं, लाइटबिल. शिवाय सकाळ-संध्याकाळ तीनचाकी चढावरून ढकलणाऱ्या पोराला काहीतरी. हा खर्च पाय धड असलेल्या दुकानदाराला नसतोच. जूनमध्ये अ‍ॅडमिशनची झुंबड, पुढे माश्या मारायच्या. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मात्र प्रश्न एकच: वर्षाला किती? ते 48 हजार सांगतात. तालुक्यातल्या निम्म्या दाखल्यांवर हाच आकडा असावा असा मला संशय आहे, आणि त्याबद्दल कुणाला दोष द्यावासा वाटत नाही.

*

अपघाताची भरपाई म्हणून 8 लाख मिळाले आणि 7 टक्क्यांनी एफडीत टाकले, तर व्याज 56 हजार. झाली मर्यादा पार. तेच पैसे सोन्यात घालून कपाटात ठेवले तर उत्पन्न शून्य!

*

अमेरिकेत दिव्यांगांसाठी दोन योजना. नोकरी-धंद्यात वर्गणी भरून हक्क कमावलेल्यांची एसएसडीआय. तिथे व्याज-लाभांश कितीही येवो, बघतात ते माणूस काम करून किती कमावतो एवढंच. गरिबांसाठीच्या एसएसआयमध्ये मात्र एकट्याची शिल्लक 2,000 डॉलरच्या वर गेली की मदत थांबते. हा आकडा 1989पासून हललेला नाही, म्हणजे तेही काही साधुसंत नव्हेत. पण कमाईतले पहिले 65 डॉलर ते सोडून देतात, पुढे दर दोन डॉलरमागे मदतीतला एकच कापतात. धंद्याचं उत्पन्नही खर्च वजा करून धरतात. आपल्याकडे मर्यादेच्या आत पूर्ण पैसे, वर गेलं की काहीच नाही.

*

राज्याचं दिव्यांग वित्त व विकास महामंडळ धंद्याला कर्ज देतं, फिरत्या दुकानासाठी ई-गाडीही देतं. दुकान चाललं की तहसीलमधलं निराधारचं अनुदान धोक्यात. सरकार एकच, टेबलं दोन. गाडी घेतल्यावर निदान तीन वर्षं अनुदान बंद करू नये, एवढा एक जीआर निघायला हरकत नाही. बॅटरी बदलायचा मोठा खर्चही साधारण तेव्हाच येतो.