पानाची खालची बाजू

गोडी छाटणी झाली, बाग पोंग्यातून पुढे सरकली आणि तेवढ्यात पाऊस आला, की निफाड-दिंडोरीतल्या द्राक्ष बागायतदाराची झोप उडते. माझं काम रोग ओळखण्याचं. बागेत शिरलो की आधी पान उलटून पाहतो. वर तेलकट डाग, खाली पांढरी लव : डाऊनी रोग. नुसता डाग असेल तर पान ओल्या टिश्यूत गुंडाळून पिशवीत रात्रभर ठेवायचं. डाऊनी असेल तर सकाळी लव येतेच.

पण त्याच्या कितीतरी आधी वेलीला सुगावा लागलेला असतो. डाऊनीचे बीजाणू पानावरच्या ओलाव्यातून पोहत खालच्या पर्णरंध्रांपाशी येतात. पेशीच्या पटलावरचे रिसेप्टर त्यांच्या भिंतीचे तुकडे ओळखतात. काही मिनिटांत कॅल्शियम आत शिरतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि किनेज प्रथिनं एकमेकांना फॉस्फेट जोडत निरोप केंद्रकापर्यंत पोचवतात. मग भिंतीत कॅलोज साचतं, रेझवेरेट्रॉल बनू लागतं. वेलीला रक्त नाही, फिरत्या संरक्षक पेशी नाहीत. जी पेशी सापडली तिनेच लढायचं.

मग आपल्या बागेतली थॉमसन जातीची वेल का हरते? डाऊनी आपली प्रथिनं पेशीत सोडून हा निरोपच तोडते. अमेरिकेतल्या काही रानद्राक्षांकडे त्यावरही तोड आहे : पेशीच्या आतले रिसेप्टर. ती घुसखोर प्रथिनं ओळखली, की लागण झालेली पेशी स्वतः मरते आणि रोग तिथेच अडकतो. त्या वेली या रोगासोबतच वाढल्या. थॉमसनच्या कुळाची मात्र त्याच्याशी गाठ पडली ती 1878च्या सुमारास, तो अमेरिकेतून फ्रान्सात पोचल्यावर. 1885मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांनी डाऊनीवर फवारायला बोर्डो मिश्रण पुढे आणलं. जे रिसेप्टर या वेलीकडे नाहीत, त्यांची उणीव आपण तेव्हापासून फवाऱ्याने भरून काढतो आहोत.

'आमचा खुंट डॉगरिजचा, म्हणजे अमेरिकनच ना?' असं बरेच जण विचारतात. मुळं अमेरिकन, पण पानं थॉमसनचीच. आणि हे रिसेप्टर खुंटातून वर चढत नाहीत.

प्रतिकारशक्तीसाठी म्हणून मिळणारं कायटोसॅन हे बुरशीच्या भिंतीतल्याच द्रव्याचं रूप. ते वेलीला खोटी वर्दी देऊन आधीच सावध करतं. त्यामुळे ते वापरायचं तर पावसाआधी वापरा, आणि तेही बुरशीनाशकाच्या जोडीला. पानामागे लव दिसल्यावर त्यावर पैसे घालू नका.