पाण्याखालचें गांव

लोणावळ्यास आमच्या वाचकांपैकीं कोण गेलें नसेल? धुकें, भुशीचें धरण आणि परततांना मुलांसाठीं चिक्की, एवढ्यावर ही सहल बहुधा संपते. गेल्या वैशाखांत मात्र आम्ही तेथून घुसळखांबच्या वाटेनें मुळशी खोऱ्यांत उतरलों. आमचे वडील कै. अण्णा तेथले; पण हयातभर त्यांनीं त्या गांवाचें नांव घरांत काढलें नाहीं.

लोणावळ्याचीं वळवण व शिरवटा हीं तळीं आपण कौतुकानें पाहतों. त्यांचें पाणी घाट उतरून खोपोलीस जातें; तेथें १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांसाठीं वीज होऊं लागली. विजेची मागणी वाढली, तेव्हां टाटा कंपनीनें मुळशीस आणखी एक धरण योजिलें. भातखाचरें जाणार म्हणून मावळे शेतकरी १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, सत्याग्रहास बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची प्रतिज्ञा. सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे त्यांचे पुढारी. पुष्कळांनीं तुरुंगवास सोसला. तरीही धरण झालें आणि खोरें बुडालें.

आपण बुडालेल्यांपैकीं, एवढेंच आम्ही समजत होतों. अण्णांच्या पश्चात् त्यांच्या पेटींत आजोबांची वही सांपडली. खोऱ्यांतली पुष्कळ जमीन सावकारांकडे गहाण होती, आणि त्यांतील अनेकांस लढ्यापेक्षां भरपाईचा दर महत्त्वाचा वाटला. आजोबा त्यांतलेच. वहींत कुळांचीं नांवें होतीं आणि पुढें मोबदल्याची रक्कम, आजोबांच्या नांवें जमा.

पाणी ओसरलेल्या काठावर एक वृद्ध शेतकरी गुरें राखीत होते. आम्हीं आडनांव सांगितलें. ते थोडे थांबले.

“म्हंजी वाड्यावरचे तुमी. आमची खाचरं तुमच्या वहीत व्हती, आजा सांगायचा.”

“होय, बाबा. ती वही आमच्याजवळ आहे.”

त्यांनीं आमच्याकडे एकवार पाहिलें आणि तांब्या पुढें केला. “ऊन लई हाय. पानी प्या.”

तें पाणी घशाखालीं उतरणें सोपें नव्हतें. अण्णांचें मौन केवळ दुःखाचें नव्हतें, त्यांत लाजही होती, हें तेथें उमगलें. ज्या पाण्यानें त्यांचें घर नेलें, त्याच पाण्याच्या पैशावर त्यांचें शिक्षण झालें होतें.

घरीं परतल्यावर आम्हीं मुलांना जवळ बसविलें, गांवाचें नांव सांगितलें आणि वहीही उघडून दाखविली. बुडालेल्या घराची गोष्ट सांगावयाची, तर त्या कुळांचीं नांवेंही वाचावींच लागतात.