खांदेरी

थळच्या किनाऱ्यासमोर समुद्रात खांदेरी नावाचं बेट आहे. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथं किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. मायनाक भंडारी यांच्या माणसांनी तोफांच्या माऱ्यात तटबंदी उभी केली, पण बेट सोडलं नाही. 2025 मध्ये हा किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्याच नावाची दुसरी खांदेरी 28 सप्टेंबर 2019 रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. ती माझगाव डॉकमध्ये बांधलेली पाणबुडी आहे. तिच्याबद्दल आणि तिच्या साऱ्या जातभाईंबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते, की त्यांच्या पोटात बायकांना जागा नाही. म्हणून तिची नीट ओळख करून घ्यायला हवी.

खांदेरीची अंगकाठी लांबोडकी. साडेसदुसष्ट मीटर लांबी, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या सहा एसटी गाड्या. रुंदी सहा मीटरच्या आसपास. पण ही झाली बाहेरची मापं. तिच्या जातीच्या पाणबुडीत बॅटरीचे 360 सेल असतात, एकेक 750 किलोचा. त्यांच्यावर टॉर्पेडो, डिझेल इंजिनं, हवेच्या दाबाच्या टाक्या, पाइप, केबल आणि शेकडो व्हॉल्व. यंत्रांनी आधी आपापली जागा धरली आणि मग उरलेल्या फटींत चाळीसहून जास्त माणसं बसवली. समोरून कुणी आलं तर एकानं अंग चोरून पाठ भिंतीला लावायची, तेव्हा दुसरा पुढं जाणार.

स्वभाव मितभाषी. पाण्याखाली आवाज म्हणजे शत्रूला पाठवलेलं आमंत्रण, त्यामुळं हातातून पाना निसटू द्यायचा नाही, झाकण आपटायचं नाही. तिच्या पोटात सूर्य उगवत नाही. समोर नाश्ता आला तर सकाळ, एवढाच हिशेब. गोडं पाणी मोजून मिळतं, अंघोळ ही चैन असते आणि कपड्यांना डिझेलचा वास कायमचा चिकटतो. झोपायचे बंक एकावर एक रचलेले. माणसं जास्त आणि बंक कमी असले की एकाच बंकवर दोघं पाळीपाळीनं झोपतात. एक उठून कामावर जातो, दुसरा त्याच्या अंगाच्या उबेनं गरम झालेल्या गादीवर पडतो. पाणबुडीवरच्या लोकांना याचं काही वाटत नाही. जागा वाटून घेणं हा इथला पहिला धडा आहे.

संडाससुद्धा इथं शिकूनच वापरावा लागतो. बाहेर समुद्राचा प्रचंड दाब. मैला बाहेर टाकायचा तर कुठला व्हॉल्व आधी बंद करायचा आणि कुठला नंतर उघडायचा, हा क्रम चुकून चालत नाही. एप्रिल 1945 मध्ये यू-1206 ही जर्मन पाणबुडी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ याच चुकीपायी गेली. संडासाचे व्हॉल्व चुकीचे फिरवले गेले, समुद्राचं पाणी आत घुसलं, खालच्या बॅटरीपर्यंत पोचलं आणि विषारी वायू सुटला. पाणबुडीला वर यावं लागलं, वर विमानं होती, आणि अखेर ती सोडून द्यावी लागली. त्यामुळं संडास या विषयावर पाणबुडीवर कुणी हसत नाही. तिथं ते इंजिनाइतकंच महत्त्वाचं यंत्र आहे.

खांदेरीवर काम करायचं तर आधी विशाखापट्टणमच्या आयएनएस सातवाहनवर शिकावं लागतं. पाण्यात अडकल्यावर जीव वाचवून वर कसं यायचं, हेही तिथं शिकवतात. मग प्रत्यक्ष पाणबुडीवर महिनोन्‌महिने प्रत्येक पाइप कुठून कुठं जातो, आग लागली तर कोणता व्हॉल्व कुठं सापडेल, हे डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. स्वयंपाक करणाऱ्यालाही यातून सुटका नाही. हे सगळं पार पडलं की छातीवर डॉल्फिनचा बिल्ला लागतो. ही परीक्षा कठोर आहे आणि न्यायाची आहे. आणीबाणीत खांदेरीला योग्य व्हॉल्व फिरवणारा हात हवा असतो. त्या हातात बांगडी असते की घड्याळ, याच्याशी तिला कर्तव्य नाही.

तरीही भारतीय पाणबुड्यांच्या नियमित क्रूमध्ये आजवर महिला आलेल्या नाहीत. कारण विचारलं की उत्तर मिळतं, सोय नाही. हे उत्तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं आहे. नौदलातल्या महिला अधिकाऱ्यांनी कायमस्वरूपी नेमणुकीसाठी दिलेल्या लढ्यात सरकारच्या बाजूनं एक मुद्दा असा होता, की रशियन बनावटीच्या जहाजांवर महिलांसाठी स्वच्छतागृहं नाहीत, म्हणून त्यांना समुद्रावर पाठवता येत नाही. 17 मार्च 2020 रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं तो मुद्दा फेटाळला. पुढं डिसेंबर 2023 मध्ये नौदल अधिकारी प्रेरणा देवस्थळी यांच्या हाती आयएनएस त्रिंकट ही युद्धनौका देण्यात आली. भारतीय युद्धनौकेची सूत्रं सांभाळणाऱ्या त्या पहिल्या महिला. पाण्याच्या वरचं दार असं उघडलं. पाण्याखालचं अजून उघडायचं आहे.

खांदेरी लहान आहे, म्हणून बायकांना जागा नाही, असं म्हणणाऱ्यांनी तिच्या नॉर्वेतल्या एका नातेवाईक पाणबुडीची माहिती घ्यावी. तिचं नाव कोबेन. जर्मनीत बांधलेली, लांबी पन्नास मीटरच्याही आत, क्रू जेमतेम दोन डझन. खांदेरी तिच्यापेक्षा कितीतरी मोठी. नॉर्वेनं 1985 मध्येच पाणबुडीचं काम महिलांना खुलं केलं आणि 1995 मध्ये सोल्वाइग क्रे या अधिकारी त्या चिमुकल्या कोबेनच्या कॅप्टन झाल्या. पाणबुडीची सूत्रं हाती घेणाऱ्या जगातल्या त्या पहिल्या महिला. पन्नास मीटरच्या आतल्या नळकांड्यात तीस वर्षांपूर्वी जे जमलं, ते साडेसदुसष्ट मीटरमध्ये जमत नाही, हे पटणारं नाही. जागेचं कारण तिथंच संपतं.

प्रकृतीचं कारणही असंच सांगितलं जायचं. आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, तो बायकांना बाधेल, असं ब्रिटिश नौदल बरीच वर्षं मानत होतं. त्यांच्याच वैद्यकीय तपासणीत ही भीती निराधार ठरली. गरोदर महिलेला पाणबुडीवर पाठवायचं नाही एवढा रास्त नियम उरला आणि 2011 च्या अखेरीस बंदी उठवण्याची घोषणा झाली. 2014 मध्ये तिथल्या पहिल्या तीन महिला अधिकाऱ्यांनी डॉल्फिनचा बिल्ला मिळवला.

मग वाटणी कशी करायची? इथं एक छोटीशी वस्तू जवळून बघण्यासारखी आहे. अमेरिकेनं 2010 मध्ये बंदी उठवली आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस पहिल्या महिला अधिकारी मोठ्या अणुपाणबुड्यांवर रुजू झाल्या. तिघींना मिळून तीन बंकची एक खोली दिली. पण अधिकाऱ्यांचं स्वच्छतागृह एकच. दुसरं बांधायला जागा नव्हती. तेव्हा त्या दारावर एक पाटी लावली, उलटवता येणारी. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला महिला. आत जाताना पाटी फिरवायची, बाहेर येताना आठवणीनं परत फिरवायची. ज्या कारणासाठी इतकी वर्षं दार बंद होतं, ते एवढ्याशा पाटीनं सुटलं.

या पाटीत न्यायाची समज आहे. तीन महिलांसाठी ते एकुलतं एक स्वच्छतागृह दिवसभर राखून ठेवलं असतं, तर पुरुष अधिकाऱ्यांना दुसरीकडं जावं लागलं असतं आणि त्यांचा राग त्या तिघींवर निघाला असता. महिलांसाठी काहीच केलं नसतं, तर त्या टिकल्या नसत्या. ऑस्ट्रेलियाला हे अनुभवातून कळलं. त्यांनी महिलांसाठी वेगळ्या सहा बंकच्या खोल्या ठेवल्या होत्या. पण मग एखादी शिकायला तयार असूनही, ठरलेला बंक रिकामा नाही म्हणून किनाऱ्यावर थांबायची. शेवटी त्यांनी खोल्या एकत्र केल्या आणि शिस्त कडक केली. अडचण सगळ्यांनी सारखी सोसायची आणि आडोसा प्रत्येकाला मिळायचा, हा नियम महिला आणि पुरुष दोघांनाही मानवतो.

मात्र पाटी लावली आणि काम संपलं, असं कुणी समजू नये. अमेरिकेच्या यूएसएस वायोमिंग या पाणबुडीवर महिला सहकाऱ्यांचं अंघोळीच्या जागेत चोरून चित्रीकरण केल्याचं 2014 मध्ये उघड झालं आणि दोषींना शिक्षा झाल्या. ब्रिटनमध्ये पाणबुडी दलात महिलांचा छळ झाल्याचं चौकशीत दिसून आलं आणि 2024 मध्ये नौदलप्रमुखांनी जाहीर माफी मागितली. पाण्याखाली गेलेल्या पाणबुडीतून उतरून पळता येत नाही, घरी फोन लावता येत नाही. म्हणून तिथं तक्रार ऐकणारा कॅप्टन, कॅप्टनच्या वरही दाद मागायची वाट आणि दोषीचा बिल्ला उतरवण्याची तयारी, या तीन गोष्टी पाटीच्या आधी हव्यात.

आम्ही सांगलीजवळच्या कुपवाडची माणसं समुद्रापासून लांब, पण हा प्रश्न आमच्या रोजच्या ओळखीचा आहे. एमआयडीसीतल्या छोट्या शेडमध्ये बघा. लेथवर, पॅकिंगला, तपासणीला बायका उभ्या असतात. 1948 च्या कारखाना कायद्यातच स्त्री आणि पुरुषांसाठी स्वच्छतागृहं वेगळी असावीत असं लिहिलेलं होतं. तरी जुन्या शेडच्या मागं अनेकदा एकच दार असतं आणि त्याची आतली कडी निखळलेली असते. एक बाई आत जाते, दुसरी दाराशी उभी राहते आणि दोन मशिनं तेवढा वेळ थांबतात. कित्येकजणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आणि चांगल्या पगाराच्या कामासाठी मुलगी आली की ऐकू येतं, घेतलं असतं हो, पण सोय नाही. एक कडी बसवायला किती खर्च येतो? खांदेरीतलं आणि शेडमधलं हे वाक्य एकच आहे, आणि दोन्हीकडं ते तितकंच लटकं आहे.

सोय होईपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर साताऱ्याच्या सुरेखा यादव घरीच राहिल्या असत्या. कराडला डिप्लोमा करून त्या रेल्वेत गेल्या आणि 1989 मध्ये सहायक चालक झाल्या. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. तेव्हाच्या इंजिनात चालकाला स्वच्छतागृह नव्हतं, पुरुषालाही नव्हतं. त्यांनी घाटात गाड्या चालवल्या, 2011 च्या महिला दिनी डेक्कन क्वीन चालवली, मार्च 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली आणि 30 सप्टेंबर 2025 रोजी निवृत्त झाल्या. त्यांच्या धैर्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण प्रत्येक मुलीकडून एवढ्या सोसण्याची अपेक्षा धरणं हा अन्यायच आहे. इंजिनात स्वच्छतागृह झालं तर त्याचा उपयोग पुरुष चालकालाही होतो. पाणबुडीचंही तेच. महिलांचा विचार करून अमेरिकेनं नव्या पाणबुड्यांत उंचावरचे व्हॉल्व खाली घेतले, फिरवायला हलके केले, वरच्या बंकला पायऱ्या लावल्या. बुटक्या पुरुष खलाशांचीही त्यानं सोय झाली.

28 डिसेंबर 2025 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू कारवारहून खांदेरीची धाकटी बहीण वागशीर हिच्यातून समुद्रात गेल्या. तिन्ही दलांच्या सरसेनापती असलेली महिला पाण्याखाली जाऊन आली. पाणबुडीनं तिला सामावून घेतलं. सरसेनापतीला जिथं जागा आहे, तिथं लेफ्टनंटला आणि अग्निवीर मुलीला का नसावी?

हे ठरवायची वेळ आत्ताच आहे. पुढच्या सहा पाणबुड्या जर्मन कंपनीच्या साथीनं माझगाव डॉकमध्येच बांधण्याचा बेत आहे. लोखंड कापल्यावर दार हलवणं महाग पडतं, कागदावर ते एका रेघेचं काम असतं. त्या नकाशातच पडदा असलेले बंक हवेत, आतून कडी असलेलं आणि पाटी फिरवता येणारं स्वच्छतागृह हवं, सॅनिटरी पॅडसाठी बंद डबा हवा, हाताला येतील असे व्हॉल्व हवेत. आणि खांदेरीसारख्या पाणीदार जुन्या पाणबुड्यांवर नव्यांची वाट न बघता ती पाटी आधी लावता येईल.

विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना उभारणाऱ्या वालचंद हिराचंद यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आमच्या शेजारी विश्रामबागेत आहे. कुपवाडच्या मुली तिथं मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल शिकतात. पाणबुडीला नेमकं तेच शिक्षण लागतं. नौदलानं जागा वाटून द्यावी, आणि ज्या दिवशी पाणबुडीसाठी महिलांची जाहिरात निघेल, त्या दिवशी कुपवाडच्या आईवडिलांनी, सोय आहे का हे विचारत न बसता, मुलीला अर्ज भरायला बसवावं.