वीसचा कॉशन

नव्याने धावायला लागलेल्या माणसाला सगळ्यात आधी फसवतो तो त्याचा दम. पहिले दोन आठवडे रेल्वे ग्राउंडच्या दोन फेऱ्यांतच जीव घशाशी येतो. मग एखाद्या सकाळी गप्पा मारता मारता चार किलोमीटर होऊन जातात आणि माणसाला वाटतं, आता जमलं. तिथून आठवड्याचा आकडा पंधरावरून तीसवर जायला वेळ लागत नाही. सोबतचे लोक ग्रुपवर आपापले किलोमीटर टाकत असतातच. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर, एक दुखरी रेघ उमटते. भुसावळच्या आमच्या पहाटेच्या मंडळींत ही रेघ मी इतक्यांच्या पायांवर पाहिली आहे की, 'दम चांगला आलाय' असं नवा भिडू म्हणाला की मी आधी त्याची नडगी दाबून बघतो.

दम लवकर येतो, कारण शरीराला तो लवकर आणता येतो. धावायला लागलं की काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग वाढतो आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. टाचेमागचा जाड कंडरा मात्र सावकाश बदलतो, कारण त्याला रक्तपुरवठाच कमी. त्याचा हिशेब महिन्यांचा. हाडाची गोष्ट तर आणखी उलटी. नवा भार पडला की हाड आधी स्वतःला थोडं पोखरतं. जुना भाग काढून टाकायचा आणि मग तिथे नवा भरायचा, अशी त्याची रीत. पोखरणं दोन-तीन आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र तीनेक महिने जातात. मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षा कच्चं असतं. म्हणजे दम वाढल्याच्या आनंदात आपण आकडा वाढवतो, तेव्हा नेमकी नडगी कच्ची असते आणि दुखेपर्यंत ती काही कळवत नाही.

हे मला पटकन पटलं, त्याला माझी नोकरी कारण आहे. मी लोको पायलट. ड्युटीच्या सुरुवातीला लॉबीत साइन ऑन करताना आमच्या हातात कॉशन ऑर्डर पडते: अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत वेग इतकाच. त्यात जुन्या, खराब जागा असतात, तशाच अगदी नव्या जागाही असतात. नवे रूळ, नवे स्लीपर, खाली ताजी खडी. सगळ्या सेक्शनमध्ये दिसायला सर्वांत देखणा तुकडा, आणि तिथेच वीसचा, म्हणजे ताशी वीस किलोमीटरचा, कॉशन. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं. पण ताजी खडी अजून बसलेली नसते. मशीनने ती दाबतात, वरून गाड्या जातात, पुन्हा दाबतात. मग वीसचे पंचेचाळीस होतात, पंचेचाळीसचे पंचाहत्तर, आणि तिथे काही दिवस काढल्यावर पूर्ण वेग मिळतो. यातली खरी मेख अशी की, गाड्या नेल्याशिवाय खडी बसत नाही आणि भरधाव नेल्या तर ती विस्कटते. मायलेज वाढवण्याबद्दल मी जे जे वाचलं, त्यातलं याहून शहाणं मला काही सापडलं नाही.

दहा टक्क्यांचा नियम बहुतेक धावणाऱ्यांच्या तोंडी असतो: या आठवड्यात जितके धावलात, त्याच्या दहा टक्के पुढच्या आठवड्यात वाढवा. ऐकायला सोपा आहे. पण पंधरा किलोमीटर धावणाऱ्याला तो दीड किलोमीटर देतो आणि ऐंशीवाल्याला आठ. गरज तर बरेचदा उलटी असते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला 532 नवख्या धावपटूंवर याची परीक्षा घेतली गेली. चार मैलांच्या शर्यतीची तयारी होती. एका गटाला दहा टक्क्यांच्या बेताने 13 आठवडे दिले, दुसऱ्याला जरा घाईने 8. निष्कर्ष 2008 मध्ये छापून आले. हळू वाढवणाऱ्यांत 20.8 टक्के जखमी, घाईवाल्यांत 20.3. जवळजवळ सारखेच. म्हणून नियम फेकून द्यावा असं मी म्हणत नाही. पण दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत राहिलं तर हाडाला भरून यायला उसंत कुठे मिळते? अमेरिकन प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांचा सल्ला मला जवळचा वाटतो: एकदा वाढवा, आणि मग तीन-चार आठवडे त्याच आकड्यावर थांबा. पंचेचाळीसच्या वेगावर काही दिवस काढायचे, तसंच हे.

थांबणं लोकांना जमत नाही, हा खरा प्रश्न आहे. पहिल्या आठवड्यात जड गेलेले तीस किलोमीटर तिसऱ्या आठवड्यात हलके वाटू लागतात आणि माणूस म्हणतो, आता इथे वेळ का घालवू? ते हलकं वाटणं, तेवढ्यासाठीच तर आपण थांबलेलो असतो.

मोठे आकडे ऐकून भुलणारेही आहेत. न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी आपल्या पोरांना आठवड्याला 100 मैल, म्हणजे 160 किलोमीटर धावायला लावलं, हे कुठेतरी वाचलेलं असतं. गोष्ट खरी आहे. लिडियार्ड चपलाबुटांच्या कारखान्यात काम करणारे गृहस्थ. आधी सगळे प्रयोग त्यांनी स्वतःच्या पायांवर केले. त्यांचा पीटर स्नेल 800 मीटरवाला, तरी दर रविवारी डोंगरातली 22 मैलांची फेरी मारायचा. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी स्नेलने 800 मीटरचं आणि मरे हॅलबर्गने 5000 मीटरचं सुवर्ण घेतलं. मात्र ही पोरं वर्षानुवर्षं वाढवत त्या 100 मैलांपर्यंत पोचली होती, ते कोणाच्या लक्षात राहत नाही. आकडा तेवढा राहतो.

आता आठवड्याचं बोलू. सगळी पुस्तकं आठवडा सोमवारपासून रविवारपर्यंत धरतात. मालगाडी चालवणाऱ्याला सोमवार काय नि रविवार काय! कॉल येईल तेव्हा निघायचं. कधी इगतपुरी, कधी बडनेरा, कधी खंडवा. तिकडच्या रनिंग रूममध्ये झोपायचं आणि मिळेल ती गाडी घेऊन परतायचं. आमच्या वर्गाला रेल्वे रनिंग स्टाफ म्हणते आणि भत्ताही किलोमीटरवर देते. त्यामुळे आमच्या घरांत मायलेज वाढलं की बायकोपोरं खूश असतात, पायांचं मायलेज वाढलं तर कपाळाला आठ्या. पण याच नोकरीने विश्रांतीला नियमात जागा दिली आहे. ड्युटी आठ तासांची किंवा जास्त झाली, तर मुख्यालयात 16 तासांची विश्रांती. हौशी धावपटूच्या वहीत असा रकाना क्वचितच दिसतो. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी सहाला बूट बांधतो आणि त्याला जिद्द म्हणतो. दुरुस्तीचं बरंचसं काम झोपेत होतं. रात्रभर सिग्नल बघून आल्यावर धावलेले आठ किलोमीटर वहीत आठ म्हणूनच उतरतात, पायांना ते आठ नसतात. म्हणून माझा आठवडा दहा दिवसांचा आहे. त्यात एक लांब पल्ला, एक जरा जोरात, बाकी सगळं गप्पा मारता येतील इतक्या वेगाने, आणि नाइटच्या दुसऱ्या दिवशी शून्य. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या कोणालाही, मग ती दवाखान्यातली सिस्टर असो की वरणगावच्या आयुध निर्माणीतला कामगार, मी हाच दहा दिवसांचा आठवडा सुचवतो.

(पायांच्या मायलेजचे खरे मानकरी आमच्याकडे वेगळेच आहेत. चाव्या ठोकत रोज आपल्या हद्दीचा रूळ पायी तपासणारा कीमन आणि पावसाळ्यात रात्री बत्ती घेऊन फिरणारा पेट्रोलमन. त्यांच्या चालण्याची नोंद धावणाऱ्यांच्या कुठल्याच अ‍ॅपवर नाही.)

पुण्या-मुंबईचे आराखडे भुसावळात जसेच्या तसे चालत नाहीत, त्याचं एक कारण या ड्युट्या, दुसरं ऊन. मे महिन्यात इथला पारा 45 च्या पुढे जातो. पहाटे पाचलाही डांबर तापलेलंच असतं आणि सहाच्या आत सूर्य उगवलेला असतो. हवा कोरडी, त्यामुळे घाम आला ते कळतच नाही. घरी आल्यावर टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ दिसते, तेव्हा किती गेला ते समजतं. उन्हाळ्याला शरीर सरावतं, दहा ते चौदा दिवसांत. घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. पण सरावलेल्या शरीरालाही मेमधले सहा किलोमीटर डिसेंबरच्या सहापेक्षा महाग पडतात. एप्रिल-मेमध्ये मी किलोमीटर मोजतच नाही, मिनिटं मोजतो. चाळीस मिनिटं झाली की घरी. त्या दोन महिन्यांत आकडा वाढवू बघणाऱ्याची जिद्द मला पटत नाही.

जूनचे पहिले काही पाऊस फसवे असतात, हवा दमट होते आणि घाम सुकत नाही. जुलैत मात्र धावणाऱ्याचं भुसावळ सुरू होतं. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की यावल रोडच्या पुलावरून तापीचं गढूळ पाणी बघत जाता येतं. शेतरस्ते तेवढे विसरायचे. काळी माती बुटाला लागली की एकेका पायाला किलोभर वजन. मग उरतात दोन जागा. रेल्वे कॉलनीतले जुने, झाडांखालचे, सपाट रस्ते आणि हायवे, साकेगावकडे किंवा दीपनगरकडे. हायवेची एक खोड सांगून ठेवतो. रस्ता कडेला उतरता असतो. लांब पल्ला सतत एकाच बाजूने मारला की एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखणं सुरू होतं. किलोमीटर तेवढेच, पण एका पायावर जास्त. वाढवण्याच्या महिन्यांत मी कॉलनीतल्या कंटाळवाण्या फेऱ्याच पत्करतो.

खाण्यापिण्याबद्दल फार बोलणार नाही. केळीच्या मुलखात राहून लांब पल्ल्यासाठी महागडी जेलची पाकिटं मागवणाऱ्यांवर मी हसतो, आणि स्वतः शर्यतीच्या दिवशी तीच वापरतो, कारण केळं खिशात चेंगरतं. हिवाळ्यात बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी रात्री पोटभर खाऊन पहाटे अठरा किलोमीटरला निघू नये, इतकंच.

आमच्याकडची बरीच मंडळी जळगावचा खानदेश रन धावतात. काही साताऱ्याला यवतेश्वराचा घाट चढून येतात, आणि बहुतेकांच्या मनात शेवटी मुंबई मॅरेथॉन असते, जानेवारीचा तिसरा रविवार. भुसावळच्या गारठ्यात तयारी करून मुंबईच्या दमट हवेत उतरलं की परतीच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ भारी पडतो. तिथे कामाला येतो तो महिनोन्‌महिने बसवलेला पाया. म्हणून उलटी मोजणी करावी. दहा दिवसांचा आठवडा मोजणाऱ्यांनीही हिशेबासाठी सात दिवसांचा धरावा. जुलैच्या सुरुवातीपासून शर्यतीपर्यंत साधारण 28 आठवडे मिळतात. आठवड्याला 20 किलोमीटर आरामात धावणाऱ्याने 20, 25, 30, 36, 42, 50 अशा सहा पायऱ्या धराव्यात आणि प्रत्येकीवर चार आठवडे थांबावं. चोवीस झाले. शेवटचे तीन आठवडे आकडा खाली आणायला. एक आठवडा ताप, लग्न किंवा लागोपाठ आलेल्या नाइट ड्युट्यांसाठी शिल्लक. बरेच लोक मात्र दसऱ्याच्या सुमारास जागे होतात. तेव्हा हातात पंधराएक आठवडे उरतात, म्हणजे तीन पायऱ्या, म्हणजे तीस किलोमीटर. तेवढ्यावर 42 किलोमीटरच्या वाटेला जाऊ नये; त्या जानेवारीत 21 धावावेत आणि पूर्ण मॅरेथॉन पुढच्या वर्षावर टाकावी.