पिकलं कुठे, विकलं कुठे

पोर्तुगीज काळातल्या गोव्यात चर्चला जोडलेल्या संगीतशाळेत मुलाच्या हाती व्हायोलिन लगेच येत नसे. आधी सोल्फा. हाताने मात्रा मोजत, समोरची स्वरलिपी वाचत गायचं. वाचन पक्कं झालं की मग वाद्य. शिकवणारा मेस्त कडक असे, छडीही चाले. रविवारच्या मिसेचं (चर्चमधल्या उपासनेचं) गायन, उपासकाळातली मोतेत ही स्तोत्रं, लादायनी ही सामूहिक प्रार्थना, फेस्ताचा म्हणजे सणाचा बँड, लग्न आणि मयतसुद्धा त्याच्याच अंगावर असत. बापाला शिकवलेला मेस्त पुढे मुलालाही शिकवी. मिळकत मात्र जेमतेम.

‘पिकतं तिथे विकत नाही’ ही म्हण इथे चपखल वाटते. या शाळांतली मुलं मुंबईला गेली, हॉटेलांच्या जॅझ बँडमध्ये आणि पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवू लागली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (जन्म १९२७) यांचे वडील गावच्या चर्चचे गायनमास्तर होते. अँथनींनी मुंबईत प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना व्हायोलिन शिकवलं. ‘अमर अकबर अँथनी’तल्या (१९७७) गाण्यात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी त्यांचं नाव जपलं. शिष्याने गुरूचं ऋण इतक्या उघडपणे मानावं, ही फार मोठी गोष्ट आहे.

पण म्हणीत एक गृहीत दडलेलं आहे: पीक विकण्यासाठीच होतं. मेस्ताची पेरणी बाजारासाठी नव्हती. चर्चच्या गायकवृंदात खालचा सूर धरणारा शेतकरी किंवा माडी काढणारा रेंदेर आयुष्यभर स्वरलिपी वाचत राही आणि गाव सोडत नसे. त्याच्यापुरतं पिकलेलं तिथेच खपलं. त्याला अपयश कसं म्हणायचं? मेस्ताचं यश मात्र गाव सोडून गेलेल्यांवरूनच सांगितलं जातं, कारण त्यांचीच नावं कळतात.

आणि मुंबईत तरी नीट विकलं गेलं का? संगीतकार पेटीवर किंवा गाऊन चाल ऐकवी. ती कागदावर उतरवायची, तिच्याभोवती व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट यांच्या ओळी रचायच्या आणि प्रत्येक वादकाच्या स्टँडवर त्याचा कागद ठेवायचा, हे काम अरेंजरचं. शंकर-जयकिशन यांच्या कित्येक गाण्यांतली व्हायोलिनची भरगच्च लाट सबॅस्टियन डिसूझांच्या हातची आहे. समोर आलेला कागद वादक तिथल्या तिथे वाजवीत. लहानपणीचं सोल्फा तिथे कामाला येई. तरी श्रेयनामावलीत अरेंजरचं नाव फार तर ‘सहायक’ म्हणून येई, आणि मागच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याचं बहुधा येतच नसे. म्हणजे विकलं गेलं तिथेही पिकवणारा अनामच राहिला. मग म्हणीतलं ‘तिथे’ नेमकं कुठे?

छडीचा प्रश्न याहून अवघड आहे. ती झटपट वाचनाची ताकद धाकातून आली, की मिसेला खरोखर गावं लागे यातून? दुसरं कारण अधिक पटतं, कारण दर रविवारी परीक्षा गावासमोर होई आणि शिकलेलं लगेच वापरात येई. पण ज्या मुलांनी छडीच्या भीतीने वाद्य कायमचं खाली ठेवलं, त्यांची नोंद कुठल्याही वहीत नाही, आणि त्या नोंदीशिवाय यातलं कोणतंही कारण पुरतं तपासता येत नाही.